सगुणाबाईंची खोळ

“छत्रीला वेगळी बाही लागणार, साहेब,” कोकिळा शिडीवरून म्हणाली.

खाली उभ्या असलेल्या मुख्याधिकाऱ्यांनी फायलीतून डोकं वर काढलं. “कसली बाही?”

“बाईंनी हात लांब करून छत्री धरलीय ना. वरून खोळ घातली की तिथंच अडकते. ब्लाउजला असते तशी बाही लावायची. पुढून बंद.”

“लावा. पण आत छत्री आहे हे ओळखू येता कामा नये.”

“लांबट काहीतरी दिसणारच ना.”

साहेबांनी फायलीतून उमेदवारांच्या चिन्हांची यादी काढली. “लांबट दिसलं तर बॅट वाटेल. बॅट वॉर्ड सातमध्ये आहे.”

“मग आत कापूस भरते. उशीसारखं दिसेल.”

साहेबांनी यादीवरून सावकाश बोट फिरवलं. उशी कोणालाच मिळालेली नव्हती. “उशी चालेल,” ते म्हणाले, आणि मोठा प्रश्न सुटल्यासारखे जीपकडे निघाले. कोकिळाने मापाची टेप दातात धरली आणि गोणपाटात गुंडाळलेल्या सगुणाबाईंच्या खांद्याचं माप घेतलं. साडेसोळा. तिचं स्वतःचंही तेवढंच होतं.

खारबंदरच्या शाळा क्रमांक एकसमोर सगुणाबाईंचा पुतळा येऊन सात महिने झाले होते, आणि सात महिन्यांत गावात कोणी त्यांचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पेणहून टेम्पोतून आला तो गोणपाटात, आणि तसाच चौथऱ्यावर चढला. अनावरण मंत्र्यांच्या हस्ते व्हायचं होतं. मंत्र्यांनी तीन तारखा दिल्या. पहिल्या तारखेला समुद्र खवळलेला होता. दुसऱ्या तारखेला सरकार खवळलेलं होतं. तिसऱ्या तारखेला मंत्री अलिबागपर्यंत आले, जेवले आणि परत गेले. मग नगरपंचायतीची निवडणूक जाहीर झाली आणि आचारसंहिता लागली. आचारसंहितेत अनावरण करता येत नाही, आणि अनावरण झाल्याशिवाय पुतळा उघडता येत नाही. म्हणजे बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून उभा जन्म वणवण केलेली बाई मतदानाच्या दिवशी मतदान केंद्रासमोर डोक्यावरून गोणपाट घेऊन उभी राहणार होती. यात गावात कोणाला काही वावगं वाटलं नाही. निदान कोणी तसं लेखी दिलं नाही.

लेखी आली ती वेगळीच तक्रार. सगुणाबाई गावोगाव फिरल्या त्या एक काळी पुरुषी छत्री घेऊन, म्हणून मूर्तिकाराने ती त्यांच्या हातात दिली होती. आणि वॉर्ड चारमधल्या एका अपक्ष बाईंना निवडणूक चिन्ह मिळालं छत्री. गोणपाटातून छत्रीचं टोक बाहेर आलेलं होतं. समोरच्या पक्षाच्या उमेदवार सौ. प्राप्ती यांचे पती परेश म्हात्रे यांनी त्याच दिवशी अर्ज दिला, की मतदान केंद्रापासून शंभर मीटरच्या आत एक महिला हातात छत्री घेऊन चोवीस तास उभी असून मतदारांवर प्रभाव टाकीत आहे. वॉर्ड महिलांसाठी राखीव होता. त्यामुळे उमेदवारी प्राप्तीची होती आणि धावपळ, भाषणं, अर्ज आणि फलकावरचा मोठा फोटो परेशचा होता. प्राप्ती फलकाच्या कोपऱ्यात होती, टपाल तिकिटाएवढी.

साहेबांनी अर्ज वाचला, आणि कोकिळाला बोलावलं.

झाकणं हे कोकिळाचं खातं होतं. कागदोपत्री ती शिपाई. नवरा रामा घरत गावात पाणी सोडायचा. तो विहिरीवर मोटर काढताना गेला, आणि त्याच्या जागी अनुकंपा म्हणून हिला घेतलं, त्याला सव्वीस वर्षं झाली. पहिल्याच निवडणुकीत तिच्या हातात जुनी वर्तमानपत्रं आणि खळीची बादली देऊन सांगितलं, की गावात जिथं जिथं पुढाऱ्यांची नावं आहेत तिथं कागद चिकटव. तिने रात्रभर खपून सगळं चिकटवलं. सकाळी शेळ्या आल्या. त्यांना खळ आवडली. नऊ वाजेपर्यंत बस थांब्यावर, वाचनालयावर आणि स्मशानाच्या कमानीवर आमदारांचं नाव पुन्हा झळकत होतं. कोकिळाच्या सेवापुस्तकात शेरा आला: ‘सदर कर्मचारी यांनी शेळ्यांवर आवश्यक ते नियंत्रण ठेवले नाही.’

त्यानंतर तिने कागद सोडला आणि कापड धरलं. प्रत्येक बाकड्याला, प्रत्येक कोनशिलेला तिने माप घेऊन खोळ शिवली. आता तिच्याकडे एक्केचाळीस खोळी होत्या, प्रत्येकीला आतून नंबराची चिंधी. कोणत्या पुढाऱ्याने गावासाठी काय केलं याचा संपूर्ण इतिहास फक्त कोकिळाच्या वहीत होता, लांबी-रुंदीसकट.

ही तिची शेवटची निवडणूक. महिनाअखेरीला ती निवृत्त होणार होती. हेडक्लार्कने कागद तयार करताना सांगितलं होतं, “कोकिळाबाई, एक शेरा आहे तो शेळ्यांचा. तो मी समजावून सांगेन. पण दुसरा आला तर माझ्या हातात काही नाही. तुमची फाइल अलिबागला जाईल आणि फाइल अलिबागला गेली की काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.”

कोकिळाला माहीत होतं. फाइल अलिबागला गेली की माणूस मागोमाग जातो, आणि फाइलीच्या आधी माणूसच संपतो.

कापडाच्या रंगावरून अर्धा दिवस गेला. भगवा नको, हिरवा नको, निळा नको, लाल नको. पांढरा घ्यावा तर अपक्षांपैकी एकजण फक्त पांढरे कपडे घालायचा. गुलाबीवर साहेब बराच वेळ थांबले आणि मग म्हणाले, “कोण कुठून येईल सांगता येत नाही.” शेवटी महेरुन्निसाआपांच्या दुकानात, फडताळाच्या तळाशी, चहाच्या रंगाचं एक ठाण निघालं. ते कोणी कधी मागितलंच नव्हतं, म्हणून ते निःपक्षपाती ठरलं.

महेरुन्निसा धनसे बाजारपेठेत बायकांचे कपडे शिवायच्या. कोकिळाची आणि त्यांची मशीनवरची मैत्री. खोळीचं कटिंग त्यांनीच केलं. चौथरा पुतळा-समितीच्या भांडणात दोनच फूट उंच झाला होता, म्हणून खोळ वरून निमुळती आणि खाली मच्छरदाणीसारखी ऐसपैस, जमिनीला टेकणारी.

“मागनं बटणं लाव,” आपा म्हणाल्या. “नवरीच्या ब्लाउजला लावतो तशी. नायतर मंत्री आल्यावर काढशील कशी? डोक्यावरनं?”

“मंत्री पडदा ओढतात, आपा. बटणं न्हाय काढत.”

“ते येतील तवा. अल्ला जाने. तू बटणं लाव.”

कोकिळाने बावीस बटणं लावली.

मतदानाच्या दिवशी सकाळी आठ वाजता सगुणाबाई चहाच्या रंगात उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातून एक गुबगुबीत उशी शाळेच्या फाटकाकडे रोखलेली होती. कोकिळा शेजारी स्टुलावर बसली. तिला लेखी आदेश होता आणि तो तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचला होता. परेश फाटकापासून मोजून शंभर मीटरवर, खुर्ची टाकून, खोळीवर नजर ठेवून होता.

दहाच्या सुमाराला रिक्षा आली आणि तिच्यातून ठमीआजी उतरली.

ठमीआजी भोईर. वय पंच्याण्णव, कानाने जड, कमरेत वाकलेली, बाकी शाबूत. अनावरणाच्या तिन्ही तारखांना ती येऊन पहिल्या रांगेत बसली होती, आणि तिन्ही वेळा खुर्च्या उचलणाऱ्यांनी तिला उठवून घरी पाठवलं होतं. आता नातवाने उलव्याला चौदाव्या मजल्यावर घर घेतलं होतं. उद्या तिला तिकडे हलवणार होते. तिच्यासोबतची नातसून सारखी घड्याळ बघत होती.

“आजी, मतदान तिकडं,” कोकिळाने फाटक दाखवलं.

“मना ठावं हाय. आदी हिचा तोंड बगाचा हाय. मंग मत.”

“तोंड झाकलंय आजी.”

“दिसताय मना. आंधली न्हाय मी. उगड.”

“उघडता येत न्हाय गो. नियम हाय.”

“कुनाचा?”

कोकिळाने पिशवीतला आदेश काढून दाखवला. ठमीआजीने तो हातात घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि परत दिला. “यात माजा नाव हाय?”

“न्हाय.”

“मंग तो मना कशाला दाखवतेस?”

नातसून म्हणाली, “आजी, चल ना. पुतळा काय पळून चाललाय? उघडला की मी तुला मोबाइलवर फोटो दाखवीन.”

“तू गप,” ठमीआजी म्हणाली आणि चौथऱ्याच्या कडेला बसली. मग कोकिळाकडे बघून तिने सांगायला सुरुवात केली. कानाने जड माणसं बोलतात तशी, मोठ्याने, त्यामुळे मतदानाच्या रांगेतल्या बायकाही वळून ऐकू लागल्या.

“पयली निवडनूक व्हती गो. मी धाकली सून. मिठागरावरशी आयली का ओटीवर मान खाली घालून बसाचा. यादीवाला आयला, घरातली नावां इचारतो. सासूना सांगितला, लिव, बुधाजीची बायको. तो लिवनार, तवर ही बाय आंगनात हुबी रायली. म्हनते, बुधाजीच्या बायकोला नाव न्हाय का? सासू म्हनते, हाय ना. बुधाजीची बायको. ही म्हनते, बरा, मंग मी बसतंय. छत्री उगडली आन बसली. उनात. सासूना चाय न्हाय दिली, पानी न्हाय दिला. दुपार झाली, तिनसांजा झाली. यादीवाला रडकुंडीला आयला. मंग मीच सांगितला.”

“काय?”

“नाव गो! माजा नाव. पाच वरसां कुनी घेतला नव्हता. मना आदी वाटला, इसरली का काय मी.” ती थांबली. “पन मान खाली व्हती ना. तिचं पाय बगलं, छत्रीचा टोक बगला. तोंड न्हाय बगला. ती उटली आन गेली. उद्या मना चौदा माल्यावर नेऊन ठेवतान. आता सांग, कवा बगू?”

कोकिळाने रस्त्याकडे पाहिलं. परेश खुर्चीतून उठून पाहत होता. तिला हेडक्लार्क आठवला, अलिबाग आठवलं, शेळ्या आठवल्या. तिने आदेश पुन्हा उघडला आणि शब्दावर बोट ठेवून वाचला. ‘सदर पुतळा सर्व बाजूंनी पूर्णपणे झाकलेला राहील याची दक्षता घ्यावी.’

पुतळा झाकलेला राहायला हवा होता. माणसांनी खोळीच्या बाहेरच उभं राहायचं की आतही चालेल, याबद्दल आदेशात काही नव्हतं. सव्वीस वर्षांत कोकिळा सरकारी कागदाबद्दल एवढं शिकली होती, की तो बोलतो तेव्हा साहेबांचा असतो आणि गप्प असतो तेव्हा शिपायाचा.

ती उठली, मागच्या बाजूला गेली आणि खालची आठ बटणं काढली.

“आजी, वाकून ये. चपला बाहेर.”

दोघी आत गेल्या आणि कोकिळाने आतून बटणं लावून घेतली.

आत उजेड चहाच्या रंगाचा होता. कोकिळा चौथऱ्यावर चढली, सगुणाबाईंच्या खांद्याला धरून उभी राहिली आणि मानेजवळची सुतळी सोडली. गोणपाट खाली आलं. सात महिन्यांची धूळ दोघींच्या डोक्यावर पडली.

चेहरा थोरामोठ्यांच्या पुतळ्यांचा असतो तसा नव्हता. दूर कुठे क्षितिजावर वगैरे बघत नव्हता. बाई खाली बघत होत्या, समोरच्या माणसाकडे, आणि उत्तर येईपर्यंत आपल्याला काही घाई नाही असं त्यांच्या तोंडावर होतं. मूर्तिकाराचा हात गणपतीचा, तीन पिढ्यांचा. त्यामुळे कान मात्र जरा मोठे झाले होते.

ठमीआजीने मान वर केली. तिच्या कमरेला ते सोपं नव्हतं. कोकिळाने खाली उतरून तिला मागून टेकू दिला.

बराच वेळ ती नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “चपला कशाला घातल्या हिला?”

“समितीत ठराव झाला, आजी. अनवाणी बरं दिसत न्हाय म्हणून.”

“खारातना आयलेली. पायाला गुडघ्यावरी चिखल व्हता.” तिची नजर वर सरकली. “आन कान मोठं केलंन.”

“ते गणपती करतात ना, त्यामुळं झालं असेल. सांगू काय साहेबांना?”

“नको. बरा केला.” ठमीआजीने हात लांब करून पुतळ्याच्या लुगड्याची कड चाचपली. “मी लय हलू सांगितलेला नाव. यादीवाल्याला आयकू न्हाय गेला. सासूला न्हाय गेला. हिला गेला.”

बाहेर आल्यावर तिने पदराने नाक पुसलं, चपला घातल्या आणि म्हणाली, “चला आता. मत द्याचा हाय.” आणि जाता जाता, खणखणीत आवाजात, सगळ्या रांगेला सांगून गेली, “जा गो, बगून या. तोंड चांगला हाय.”

पुढचा तास कोकिळाच्या हातात राहिला नाही.

आधी गोदू आली. सकाळचे बोंबील विकून, टोपलीसकट. मग तिच्या शेजारणी. मग मतदान करून बाहेर पडलेल्या बायका घरी जायच्याऐवजी डावीकडे वळू लागल्या. महेरुन्निसाआपा मत द्यायला आल्या होत्या, त्यांनी परिस्थिती पाहिली आणि दुकानात घेतात तसा ताबा घेतला. “दोन-दोन जावा. ढकलू नका, शिलाई उसवंल. ए, टोपली बाहेर. बोंबलाचा वास कापडाला लागला की जात न्हाय.” खोळीभोवती चपलांची रांग लागली. आतून एकदा हसण्याचा आवाज आला, एकदा कोणी तरी हुंदका दिल्याचा, आणि एकदा, “मागं सर गो, पाय दे माझा.” साडेअकरापर्यंत पुतळ्याची रांग मतदानाच्या रांगेपेक्षा लांब झाली होती.

कोकिळा प्रत्येक जोडीमागे बटणं लावत होती. पुतळा क्षणभरही उघडा पडला नाही.

परेशने फोन केला. तो शंभर मीटरची मर्यादा विसरून धावत आला तेव्हा पथकाची जीपही आली. तिच्यातून आचारसंहिता पथकाच्या प्रमुख उतरल्या. मृणाली मॅडम. वय अठ्ठावीस-तीस, खांद्यावर पिशवी, मागे व्हिडिओवाला. व्हिडिओवाल्याने काही न विचारता खोळीचं चित्रीकरण सुरू केलं. आतल्या दोघींमुळे जरा वर उचलल्या गेलेल्या खोळीखालून चार अनवाणी पावलं दिसत होती.

“बघा मॅडम!” परेश म्हणाला. “दिवसाढवळ्या! हा सरळ सरळ छत्रीचा प्रचार आहे. मी सकाळीच बोललो होतो, ह्या बाईवर नजर ठेवा.”

मॅडमनी खोळीला एक फेरी मारली. “पुतळा झाकलेला आहे?”

“हाय मॅडम,” कोकिळा म्हणाली. “सर्व बाजूंनी.”

“मग आत कोण आहे?”

“मतदार.”

मॅडमनी चष्मा नीट केला. “मतदार आत काय करतायत?”

“बघतायत.”

“बघून काय होतं?”

“काय न्हाय. बाहेर येतात.”

“मॅडम, ही चेष्टा चाललीय हां,” परेश म्हणाला. “बटणं कोणी उघडली विचारा. नाव घ्या. नोटीस काढा. माझं इलेक्शन आहे, मस्करी नाय.”

मॅडमनी पिशवीतून पॅड काढलं, वर तारीख, वेळ, ठिकाण लिहिलं. “बरोबर आहे. तक्रार आली की जबाब घ्यावा लागतो. बटणं कोणी उघडली?”

बायका चपलांकडे बघू लागल्या. आपा कोकिळाच्या कानाशी आल्या. “सांग, वाऱ्यानं उघडली.”

“आठ बटणं?”

“खारा वारा आहे. लोखंड खातो, बटणाचं काय?”

कोकिळाला हसू आलं. निवृत्तीला एकोणतीस दिवस होते. वारा म्हटलं असतं तर मॅडमनी कदाचित वारा लिहिलाही असता. सरकारी कागदावर याआधी शेळ्या आल्याच होत्या. पण ओटीवरची ती मान खाली घातलेली सून तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. सांजावेपर्यंत ती गप्प बसली होती, आणि मग बोलली होती, हळू का होईना.

“लिहा मॅडम,” कोकिळा म्हणाली. “कोकिळा घरत. शिपाई. खोळ मी शिवली, बटणं मी लावली, मीच काढली. सेवापुस्तकात एक शेरा आधीचा आहे, शेळ्यांचा. तोही लिहा हवा तर.”

मॅडमनी लिहिलं. शेळ्यांपाशी पेन अडखळलं, पण पुढे गेलं.

“कटिंग माझं हाय,” आपा म्हणाल्या. “लिखा. महेरुन्निसा धनसे. एकटीवर कशाला घालता?”

“आप्पा, तुम्ही—” बायकांची हाक ऐकून मॅडम म्हणाल्या.

“आप्पा नव्हं. आपा. आन आपा पण नको, पूर्ण नाव लिखा.”

“गोदू,” मागून आवाज आला. “मी आत जाऊन आयलीय. दोनदा.”

“गोदू कोळीण ना?” परेश म्हणाला.

“कोलीन जात झाली. नाव गोदू नाखवा हाय.”

त्यानंतर मॅडमना विचारावं लागलं नाही. बायका आपणहून पुढे येत होत्या. कोणी घाईने सांगे, कोणी जपून. एकीने नवऱ्याचं नाव सांगितलं, मग म्हणाली, “थांबा, ते खोडा,” आणि आपलं सांगितलं. एक पान भरलं. दुसरं भरलं. मॅडमच्या तोंडावर हळूहळू हिशोब उमटू लागला: इतक्या नोटिसा, इतके खुलासे, प्रत्येकीची सुनावणी, आणि कार्यालयात तर साधी पाकिटंही नव्हती.

तेवढ्यात खोळीची बटणं आतून निघाली आणि आतल्या दोघींपैकी एकजण वाकून बाहेर आली. डोक्यावर गोणपाटाची धूळ, गळ्यात उमेदवाराचं ओळखपत्र.

“प्राप्ती?” परेश म्हणाला. “अगं तू आत काय करतेस?”

“बघत होते.”

“तू बूथवर पाहिजेस ना!”

“मघापासून रांगेत होते. तुम्ही माझ्या समोरून दोनदा गेलात.”

मॅडमनी पान उलटलं. “नाव?”

“प्राप्ती परेश—” परेश म्हणाला.

“त्यांना सांगू द्या.”

प्राप्तीने चपला शोधून पायात घातल्या. तेवढा वेळ तिला हवा होता असं दिसलं. “प्राप्ती म्हात्रे,” ती म्हणाली. “वॉर्ड चारची उमेदवार. आणि मॅडम, तक्रार मी दिलेली नाही.”

मॅडमनी पिशवीतून परेशचा अर्ज काढला. “इथं तक्रारदार म्हणून उमेदवाराचं नाव आहे. सही?”

“माझी सही मी अजून कुठं केलीच नाही,” प्राप्ती म्हणाली. “फॉर्मवर केली तेवढीच.”

सगळ्यांनी परेशकडे पाहिलं. व्हिडिओवाल्यानेही कॅमेरा तिकडे वळवला. परेश म्हणाला, “अरे, घरातलीच सही आहे,” आणि मग त्याच्या लक्षात आलं, की आपण शंभर मीटरच्या आत उभे आहोत. तो मागे मागे जाऊ लागला, पावलं मोजत.

मॅडमनी पॅडवर बराच वेळ लिहिलं. मग कोकिळाला वाचून दाखवलं, कारण जबाब वाचून दाखवायचा नियम असतो. “‘पुतळा सर्व बाजूंनी पूर्णपणे झाकलेला आढळला. आत मतदार आढळले. दोन्ही बाबी नियमबाह्य असल्याचे आढळले नाही.’ तुमचं नाव मात्र राहील, कोकिळाबाई. तुम्ही स्वतः दिलंय.”

“राहू दे,” कोकिळा म्हणाली. आवाज नेहमीसारखाच आला, याचं तिलाच नवल वाटलं.

मॅडम पॅड मिटणार, तेवढ्यात फाटकातून ठमीआजी आली. मतदान करून, डाव्या हाताचं शाई लावलेलं बोट ताठ वर धरून, कोणाला धक्का लागू नये अशी. नातसून रिक्षाकडे ओढत होती.

“काय लिवतान गो?”

“नावं लिहितायत, आजी. चल, रिक्षावाला थांबलाय.”

“माजा लिवला?”

मॅडमनी वर पाहिलं. “आजी, तुम्ही जा घरी. तुमचं नाही लिहिलं तरी चालेल.”

“न्हाय चालनार,” ठमीआजी म्हणाली. तिने नातसुनेचा हात सोडवला, कमरेवर हात ठेवून होता होईल तेवढी सरळ झाली आणि नाव सांगितलं. फाटकावरचा पोलीस वळला, बदामाच्या झाडावरचे कावळे उठले आणि शंभर मीटरपलीकडे परेशने मान वर केली. “ठमी बुधाजी भोईर!”

मॅडमनी तिसऱ्या पानाच्या शेवटच्या ओळीत लिहिलं. पुढे जागा उरली नव्हती.

“कुटं हाय?”

“हे बघा, इथं.”

“मना वाचता न्हाय येत. दाखव.”

मॅडमनी पॅड तिच्यासमोर धरलं, तिचं बोट हातात घेतलं आणि कागदावर ठेवलं. ‘ठ’पासून पुढे, अक्षरावरून अक्षरावर, सावकाश नेलं. ठमीआजी ओठ हलवत होती. शेवटच्या अक्षराशी बोट थांबलं आणि ती तिथंच थांबून राहिली. पॅड धरून मॅडमचा हात अवघडला, तरी त्यांनी तो हलवला नाही.

बोट उचललं तेव्हा नावावर जांभळ्या शाईचा ओला पट्टा उठलेला होता.

कोकिळाने कमरेचं फडकं पुढे केलं. मॅडमनी मान हलवून नको म्हटलं, आणि शाई वाळेपर्यंत कागद वाऱ्यात उघडा धरून ठेवला.